ओला मळ

"काच नवी असू दे, पाणी नवं असू दे, पण मळ जुनाच न्यायचा, आई. आणि ओला न्यायचा. सुकला की संपलं."

नंदिताचं हे सांगणं सुमतीबाईंना पाठ होतं. नदीतला देवाचा कोंड, तो खोल डोह, उन्हाळ्यात आटू लागला, उरलेलं पाणी तापू लागलं, तेव्हा त्यातले वाचलेले चौदा खडस मासे देवळाशेजारच्या टाकीत आणले होते. त्याला नऊ वर्षं झाली. मासे आता हातभर वाढले होते, म्हणून गावाने देवळामागे मोठं कुंड बांधलं. मासे हलवायला पाच दिवस उरले होते. नदीवर पाण्याचे नमुने घेताना नंदिता उन्हाने कोसळली, ती उठलीच नाही.

गुरवांच्या सगळ्या घरांना दहा दिवसांचं सुतक लागलं. माशांना मूठभर लाह्या घातल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही, हा सुमतीबाईंचा नेम. तो मोडला. देवाच्या पाण्याकडे जायचंच नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी कोनाड्यातल्या फोनमधून नंदिता बोलली.

"आई, पाणी बिघडतंय."

सुमतीबाईंच्या हातातली वाटी खाली पडली.

तो पाणवाचक होता. पाण्यात बुडवलेली बोटभर नळी. अमोनिया मोजायची आणि घरी कळवायची. नंदिताने तिच्यात स्वतःच्या आवाजात तीन वाक्यं भरून ठेवली होती. "आई, पाणी ठीक आहे" हे रोज सकाळी यायचं. ती गेल्यावरही पाच सकाळी आलं होतं, आणि पाचही सकाळी सुमतीबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. आजचं दुसरं. तिसरं कोणतं, असं विचारलं की नंदिता हसायची. "मोठ्या कुंडात पाणी स्थिरावलं की ऐकशील. आत्ताच सांगितलं तर गंमत काय?"

उन्हं चढायच्या आत शिवरामनाना अंगणाच्या कडेला येऊन उभे राहिले. सुतक नसलेल्या घरातले म्हणून देवाची सेवा सध्या त्यांच्याकडे होती.

"सुमतीबाय, काल ठरल्या मुहूर्तावर मासे हलवले बघ, पोरीची ती नळीसुद्धा. पण आज वर येऊन तोंडं उघडतायत. दोन तर आडवेच होतायत."

"नाना, गाळणीतला स्पंज नव्या कुंडात घातलात ना?"

"घातला तर! पण तो केवढा मळका, गो! तपकिरी, बुळबुळीत. देवाच्या माशांना असला बोळा कसा द्यायचा? सोडा घालून उकळला. पांढराशुभ्र केला. टाकीतले गोटेसुद्धा घासून वाळवले."

नानांच्या चेहऱ्यावर सेवा केल्याचं समाधान होतं. सुमतीबाईंना त्यांच्यावर रागावता येईना. आपणही तेच केलं असतं, पोरीने नऊ वर्षं बजावलं नसतं तर.

"नाना, तो मळ नव्हता," त्या हळूच म्हणाल्या. "मासे पाण्यात जे टाकतात त्याचं विष होतं. ते विष पचवणारे जीव त्या बुळबुळीत थरात राहायचे. साधे जीवाणू आपल्याकडच्या तापल्या पाण्यात तगत नाहीत. नंदिताने तगणारे वाढवले होते. एकेक अंश वाढवत, नऊ वर्षं."

"म्हणजे मी…"

"तुम्ही देवाचं म्हणून केलंत."

धाकटे दीर रघुनाथभाऊजी ओटीवरून सगळं ऐकत होते. त्यांनी शहरातल्या प्रयोगशाळेला फोन लावला. नंदिताच्या जीवाणूंचा नमुना तिथे होता, पण गोठवलेला. तो जागवून, वाढवून पाठवायला पंधरा दिवस. पाणी बदलत राहिलं तरी मासे दोन दिवस काढतील, फार तर.

सुमतीबाई उठून आत गेल्या.

नंदिताच्या खोलीत टेबलावर एक लहान काचेची टाकी होती. तिच्यात एका डोळ्याने आंधळं खडसाचं पिल्लू, काणू. कोपऱ्यात मुठीएवढा तपकिरी स्पंज. नंदिताने पहिले जीवाणू इथेच वाढवले होते. पंप बारीक घरघरत होता. गेले सहा दिवस सुमतीबाई ती घरघर ऐकत याच खोलीत जमिनीवर पडत होत्या. खोलीत तेवढंच काय ते जिवंत उरलं होतं. काचेवर आतून जमलेल्या शेवाळात नंदिताच्या बोटाची एक रेघ अजून होती.

स्पंज नेला तर काणूला इथे ठेवता येणार नव्हतं.

सवयीने त्यांनी तांब्याची कळशी उचलली. मग आठवलं: "तांबं नको हं, आई. तांब्याने ते मरतात." कळशी ठेवून त्यांनी न्हाणीतली प्लास्टिकची बादली आणली. टाकीतलंच पाणी तिच्यात घेतलं. स्पंज पिळला नाही, झटकला नाही. बाळंतिणीकडून लेकरू घ्यावं तसा दोन्ही हातांनी उचलून पाण्यात ठेवला. मूठभर गोटे टाकले. मग काणू.

शेवटी पंप बंद केला. घर एकदम मुकं झालं.

दारात भाऊजी आडवे आले. "वहिनी, अजून चार दिवस आहेत. सुतकात देवाच्या पाण्याला हात लावणार? जन्मभर एक उपास चुकला नाही तुमचा!"

"सुतक मला आहे, भाऊजी. माशांना नाही."

"नानांच्या हातात द्या मग. ते नेतील."

त्यांनी अंगणात पाहिलं. नाना हातांत डोकं धरून बसले होते.

"हे मी न्यायचं असं तिला कबूल केलंय," त्या म्हणाल्या. "देव रागावला तर माझ्यावर रागावू दे. दहाव्यानंतर पाय धरीन त्याचे."

भाऊजी दारातून बाजूला झाले.

बाहेर तेच ऊन होतं. सुमतीबाईंनी टॉवेल भिजवून डोक्यावर घेतला, पायऱ्या उतरल्या, आणि थांबून तो डोक्यावरून काढून बादलीवर पसरला. मुठीएवढा स्पंज आणि एवढं थोरलं कुंड. पुरेल का? कमरेला खोचलेला फोन गप्प होता. तिसरं वाक्य त्यात होतं, अजून न ऐकलेलं.

पाणी हिंदकळू नये म्हणून त्या अगदी सावकाश देवळाकडे चालू लागल्या.