अर्ध्या दमाची पेलेनीसे

गाण्याची ओळ मध्येच तुटली... आणि पेलेनीसेने झटकन मान वर केली!

चर्चच्या हॉलमध्ये विणलेले पंखे हलवत बसलेल्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. पुढे उभी होती पेलेनीसेची सतरा वर्षांची लेक, आतालीना. समोर खुर्चीवर बसली होती पेलेनीसेची धाकटी बहीण लोसा, सिडनीपासून पार युरोपपर्यंत ऑपेरा गाणारी, तिकडच्या पोरींना गाणं शिकवणारी. वीस वर्षांनी ती आपिआच्या विमानतळावर उतरून बेटावरच्या या गावात आली होती ती इथली एक पोरगी निवडून सोबत न्यायला. जागा एकच!

"आईवर गेली गं बाई!" चर्चमधल्या गाणाऱ्यांचे म्हातारे तावीता मास्तर खिदळले. "अर्ध्या दमाचीच लेक ही, दुसरं काय होणार!"

सगळे हसले. वीस वर्षं हसतच होते. तेव्हाही अशीच निवड, हीच लांबलचक ओळ, दोघी बहिणी शेजारी शेजारी उभ्या... आणि थोरलीचा दम मध्येच संपला! धाकटी विमानात बसली. थोरली तारोचे कंद सोलत राहिली, आजारी बापाची उशी बदलत राहिली आणि गावाने ठेवलेलं नाव निमूट वागवत राहिली.

पण आज तिला हसू येईना, रडूही येईना. राग आला होता, पण नक्की कुणाचा? पोरीचा? की...

"खोटं!" ती ताडकन उठली. "कार्टे, तुझा दम संपला नव्हता! ज्याचा संपतो तो हपापून हवा ओढतो. तुझे खांदेसुद्धा हलले नाहीत. मुद्दाम तोडलीस तू!"

"ते मलाही दिसलं, ताई," लोसा सावकाश म्हणाली. "माझा धंदाच आहे तो. पण तुला कसं गं दिसलं?"

पेलेनीसेने पंखा उचलून चेहऱ्याआड धरला.

"आजोबा गेले, बाबा गेले," आतालीना रडवेली झाली. "मीही गेले तर घरात आई एकटी! आणि मावशी, शिकले मी हिच्याकडूनच. ही रोज नारळ खवताना हीच ओळ म्हणते. एका दमात! वर 'आमेन' म्हणायला दम शिल्लक उरतो!"

मास्तरांच्या हातातला पंखा गळून पडला.

"ताई... म्हणजे त्या दिवशी तू..."

"आपल्या आजारी बाबांजवळ कुणीतरी हवं होतं गं."

"मला विचारलंस? मी पोरींना सांगत फिरते, थोरल्या बहिणीला हरवून इथवर आले म्हणून! आणि तू मला भीक घातली होतीस?"

"भीक नव्हे गं... काय होतं ते मलाच माहीत नाही! कधी वाटतं माया होती, कधी वाटतं मीच भ्याले. तुझं गाणं रेडिओवर लागलं की मी आवाज वाढवायची... आणि मग बंदच करून टाकायची..."

लोसाने डोळे पुसले. "ये इकडे. म्हण माझ्याबरोबर."

दोघींनी ओळ उचलली. नेमक्या त्याच जागी जगभर गाणाऱ्या लोसाचा कंठ दाटला, दम तुटला... आणि थोरलीचा सूर तसाच पुढे गेला, अगदी शेवटपर्यंत!

"आता अर्ध्या दमाची कुणाला म्हणायचं?" मास्तर पुटपुटले.

लोसाने शाळकरी पोरीसारखा हात वर केला. "मला!"

हॉलभर हशा उसळला. बहिणीच्या गळ्यात पडलेली पेलेनीसे हसत होती की हुंदके देत होती, तिचं तिलाच कळेना. मग तिने लेकीला जवळ ओढलं.

"मला असलं काही देऊ नकोस गं पोरी. फार जड असतं ते... देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. जा, गा."

आतालीना पुन्हा उभी राहिली. सूर लागला, चढला, ओळ तुटायची ती जागा आली... आणि सहज मागे सरली.

ओळ संपली तेव्हा पेलेनीसेला भोवळ आल्यासारखं झालं. मग तिच्या लक्षात आलं, इतका वेळ तिने स्वतः श्वासच घेतला नव्हता!