डावीकडे सरकवलेला आवाज

हसनाबादहून जालन्याला निघालेल्या जीपमध्ये बुद्धवंदना एकाएकी मोठ्यानं सुरू झाली आणि प्रियदर्शनी शरमून अर्धी झाली.

वंदना झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा तिचा नेम. पण बियाणे कंपनीतली पहिली पाळी गाठायची तर जीप पहाटेच धरावी लागे. म्हणून ती कानात इअरफोन घालून, ओठांतल्या ओठांत वंदना म्हणत जाई. आज इअरफोन कानातच होते, आणि आवाज मात्र सगळ्या जीपभर…

ड्रायव्हर बद्रीनाथनं आपली गाणी बंद केली. "चालू द्या ताई. सकाळी चांगलं ऐकावं माणसानं."

तिच्या उजव्या हाताला, खिडकीशी बसलेला तरुण हसू दाबत होता. "द्या इकडं. ब्लूटूथमध्ये नुसतं कॉल चालू हाय, मीडिया ऑडिओ बंद झालंय." त्यानं एक बटण सरकवलं, मग आणखी एक. "हे एचडी ऑडिओ. आता बघा."

तिच्या कानात भिक्खूंचा आवाज उतरला, श्वासासकट. इतके दिवस तो रांजणातून आल्यासारखा यायचा.

"श्वास ऐकू येतोय," ती पुटपुटली.

"मंग? त्याच्यासाठीच असतंय ते."

त्याचं नाव राजानंद. एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये तो लोखंडाच्या सळ्या ओढायच्या कामावर होता. तेव्हापासून ती मधे, तो खिडकीशी, अशी जागाच ठरून गेली. खिडकीला दुसरं कुणी बसलेलं असलं तर तो गोड बोलून त्याला उठवी.

"खिडकी काय तुमच्या नावावर हाय का?" ती विचारी.

"हवा लागते मला."

"थंडीत?"

"थंडीतच तर लागते," तो म्हणे, आणि ती बाहेरच्या फुटलेल्या कपाशीकडे बघत हसू लपवी.

ती बोलू लागली की तो मान तिच्याकडे कलती करून ऐके. असं कुणी आपलं ऐकलेलं तिला आठवत नव्हतं. पौर्णिमेला तिचं अष्टशील असे, त्या दिवशी गाणं वर्ज्य. तिनं न सांगता त्यानंही पौर्णिमेला गाणी ऐकणं सोडलं.

मग एका सकाळी खिडकीशी एक आजारी म्हातारी बसलेली. राजानंदला प्रियदर्शनीच्या डाव्या हाताला बसावं लागलं. तिनं सगळा धीर गोळा केला. नजर पायांकडे ठेवून हळूच म्हणाली, "रविवारी पाहुणे येऊन राह्यलेत… मला पाहायला. तुमचं काही म्हणणं असलं, तर…"

तो समोर बघत राहिला. जालना आलं तरी बोलला नाही. उतरताना हसला मात्र रोजच्यासारखाच.

तेच तिला फार लागलं. दुसऱ्या दिवशी ती तोंड फिरवून बसली. चहाला जीप थांबली तेव्हा त्यानं आपला फोन आणि इअरफोन तिच्या मांडीवर ठेवले. "कशाचा राग आलाय, माहीत न्हाई. पण हे ऐका. मी चहा आणतो."

बासरी होती. पण फक्त डाव्या कानात. उजवा मुका. इअरफोन बिघडला असेल म्हणून, त्यानंच शिकवलं होतं तसं, तिनं सेटिंग उघडलं. डाव्या-उजव्या कानात आवाज वाटणारी पट्टी पार डावीकडे सरकवलेली होती. तिनं ती मधोमध आणली. दोन्ही कान भरले… आणि तिचं बोट तिथंच थबकलं. सगळ्या जीपचे फोन नीट करून देणारा माणूस स्वतःचा असा कसा ठेवील?

खिडकी. कलती मान. कालचं ते गप्प राहणं.

तिनं पट्टी पुन्हा डावीकडे नेली. तो दोन कप घेऊन आला आणि तिच्या हातातला फोन बघून उभाच राहिला.

"उजवा कान?" तिनं विचारलं.

"मिलमधल्या आवाजानं गेला. आता त्याच्यात नुसती शिट्टी वाजती." त्यानं एक कप तिच्यापुढं केला. "काल काही बोल्लात का तुम्ही?"

ती सरकली, त्याच्या डाव्या बाजूला झाली, आणि कालचं सगळं पुन्हा बोलली. हळूच, पण एकही शब्द न गाळता.

त्यानं आपला कप जीपच्या पायरीवर ठेवला. "माझं म्हणणं तर पहिल्या दिवसापासून हाय. पण हे घरी सांगू नका. ऐकल्यावर कोण देईल पोरगी?"

"खोटं बोलणार न्हाई, असं मी रोज सकाळी म्हणते. लपवलं तरी ते खोटंच."

"मंग?"

"मंग तुम्हीच सांगा. आईला. रविवारच्या आधी."

शनिवारी सांजच्याला तो आला. धुतलेला पांढरा शर्ट, हातात काही नाही. प्रियदर्शनीच्या आईपुढं, बेबीनंदाबाईंपुढं, सतरंजीच्या काठावर बसला आणि आधी कानाचंच सांगितलं, बाकीचं नंतर. प्रियदर्शनी दाराआड उभी राहून ऐकत होती.

 बेबीनंदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि सतरंजी ओलांडून त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या.

"मला मोठ्यानं बोलायची सवय न्हाई, बाबा," त्या म्हणाल्या. आणि मग दाराकडे न बघताच, "प्रिया, पाहुण्यांना फोन लाव. येऊ नका म्हणावं."