राणीचा चाखणारा

विषय : क्वार्टर बदलून मिळण्याबाबत. कारण : पत्नीच्या जिवाला धोका.

भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत राहत असताना मी हा अर्ज केला. धोका कसला, ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर क्वार्टरऐवजी वैद्यकीय रजा मिळाली असती. ‘पुरावा जोडावा’ असा शेरा मारून अर्ज परत आला.

दुपारी मी जेवायला घरी येई. कमलिनी, माझी बायको, पानं वाढून पाण्यासाठी आत वळली, की तिच्या भातात खळगा पडलेला दिसे. एका बोटाचा. भात वाफाळता, खळगा मात्र गार. आधी तिने मलाच दटावलं. मग ती बोलेनाशी झाली, आणि जेवेनाशीही.

शेजारचे गोपीनाथराव नागपूरचे, युनियनमधले; सगळ्या जगाच्या भानगडी त्यांना पाठ. त्यांनी सांगितलं, वसाहतीच्या जागी पूर्वी एका छोट्या संस्थानिकाची बाग होती. इंग्रजी अमलात तिथे तरुण राणी खीर खाऊन मेली. गादीवर डोळा दिराचा, हे माळ्यालाही ठाऊक होतं. चौकशीला आलेला इंग्रज पोलिटिकल एजंट दिराबरोबर वाघाच्या शिकारीला जाऊन आला आणि फाशी दिली राणीचं अन्न चाखणाऱ्या नोकराला. पुरावा एकच : राणी मेली, हा जिवंत.

“तोच असेल, वहिनी. चाखू द्या बिचाऱ्याला. आमच्या कँटीनला असा माणूस मिळत नाही.”

कमलिनी कितीतरी दिवसांनी हसली. त्यानंतर खळगा पडेपर्यंत ती थांबे आणि मग पोटभर जेवे. अर्जाचा नाद सोडावा, असं मला वाटू लागलं.

गौरी आल्या. देवाआधी अन्न उष्टावलेलं आमच्यात चालत नाही. त्या दिवशी कमलिनी स्वतःही मीठ बघत नसे. खिरीच्या पातेल्यापाशी उभी राहून तिने रिकाम्या स्वयंपाकघराला हळूच सांगितलं,

“आज चाखू नका हं... नैवेद्य आहे.”

त्याने ऐकलं. कुठेच खळगा नव्हता. आम्ही दोघांनी एकाच पातेल्यातली खीर खाल्ली.

दिवेलागणीला कमलिनी गेली. डॉक्टरांनी विषबाधा लिहिली. तिचा भाऊ जयंत आला. तेराव्यापर्यंत नुसता माझ्याकडे पाहत राहिला. निघताना म्हणाला, “भाऊजी, खीर तुम्हीही खाल्ली होती ना?” पोलिसांनीही तेच विचारलं, फक्त मला बसायला न सांगता.

मग गोपीनाथराव आले. थट्टा न करता, दाराशीच उभे राहून त्यांनी उरलेली गोष्ट सांगितली.

“राणीची खीरही नैवेद्याचीच होती... त्या दिवशी त्याला चाखायची मनाई होती.”

मृत्यूचा दाखला पुरावा म्हणून जोडून अर्ज पुन्हा पाठवला. पुढे निवृत्त झालो, नियमाप्रमाणे क्वार्टर रिकामं केलं. आता भोपाळमध्येच, अशोका गार्डन वस्तीत, भाड्याच्या खोलीत एकटाच जेवतो. माझ्या भातात खळगे पडतात; दोन. दुसरा जरा लहान आहे, आणि तो गार नसतो.

क्वार्टर बदलून मिळण्याचा अर्ज विचाराधीन आहे.