चार नंबरचं हिरवं लेबल

पहिल्या भेटीतच मी त्याला झापलं होतं. दारातल्या जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बूट न बुडवता तो थेट आमच्या पोल्ट्रीच्या पॅकिंगच्या खोलीत घुसला. मला वाटलं, खाद्य विकणारा एजंट असणार.

"आधी बाहेर व्हा. बूट बुडवा, मग या. आणि खाद्य नकोय आम्हाला."

तो निमूट मागे गेला, बूट बुडवून आला आणि ओळखपत्र पुढे धरलं... तपासनीस! मी जीभ चावली. तो मात्र हसत होता.

"सगळे तुमच्यासारखे असते, तर माझी नोकरीच गेली असती."

औषधाचा अंश तपासायला कोंबडीचा नमुना न्यायचा महिन्यातून एकदा. तो दर आठवड्याला येऊ लागला.

"आज काय राहिलं?" मी विचारायची.

"पेन विसरलो होतो इथे..."

पेन त्याच्या खिशातच असायचं. मी दिसलं नाही असं दाखवायची आणि टोपीखालून निसटलेली बट उगीचच आत खोचायची.

बाबांच्या पोल्ट्रीचं सगळं नाव हिरव्या लेबलावर होतं: 'कधीही अँटिबायोटिक न दिलेली कोंबडी.' एखाद्या शेडमध्ये आजार आलाच तर औषध द्यायचं, पण मग त्या कोंबड्यांना साधं पांढरं लेबल. गेल्या महिन्यात चार नंबरच्या शेडला पाच दिवस पाण्यातून औषध दिलं. "यांना पांढरं हं," बाबांनी बजावलं होतं. पण विक्रीच्या दिवशी मोठ्या दुकानाची गाडी दारात उभी, हिरव्याचा माल कमी पडलेला... आणि मी चार नंबरला हिरवं लावलं. शेडच्या दारावरचा औषधांचा तक्ताही बदलला, अगदी सुवाच्य अक्षरात.

आणि परवा तो रिपोर्ट नाचवतच आला.

"चार नंबरचा नमुना होता. औषधाचा अंशसुद्धा नाही! माझी आई कशावरच विश्वास ठेवत नाही. तिला म्हटलं, हे चिकन बिनधास्त खा, ही मुलगी बुडवलेल्या बुटांशिवाय मलाही आत घेत नाही."

"खाल्लं त्यांनी?"

"दोनदा वाढून घेतलं."

अंश सापडणार कुठून? औषध थांबवल्यावर ते कोंबडीच्या अंगातून जायला लागणारे दिवस उलटले होते. मी गप्प बसले असते तर कुणाला कधीच कळलं नसतं. पण त्याचा तो खुललेला चेहरा बघून मला इतकी लाज वाटली की कान तापले, हातातली लेबलं खाली पडली.

"चार नंबरला औषध दिलं होतं," मी म्हणाले. "पाच दिवस. हिरवं मी लावलं. तक्ताही मीच बदलला. बाबांना यातलं काही माहीत नाही."

त्याने रिपोर्टची घडी घातली.

"हिरवं लेबल थांबेल," तो म्हणाला. "कदाचित वर्षभर."

"माहीत आहे."

"लिहून द्या. तारखांसकट."

मी लिहिलं, सही केली. साक्षीदाराची जागा त्याने रिकामीच ठेवली.

"माझी सही चालणार नाही. ही फाइल उद्या दुसऱ्याकडे देतोय."

"इतका राग आलाय माझा?"

"आलाय... पण फाइल त्यासाठी नाही देत." तो घुटमळला, कानापर्यंत लाल झाला. "जिच्यावर जीव जडलाय, तिची तपासणी करायची नसते. हे मी पहिल्याच आठवड्यात लिहून द्यायला हवं होतं. तसाच येत राहिलो. लाज मलाही वाटतेय."

माझे डोळे भरून आले. पण त्या क्षणी आनंद मानायचीही लाज वाटली. मी तशीच बाबांकडे गेले.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "दुकानाला फोन लाव," एवढंच म्हणाले, आणि घडलेलं सगळं त्यांनी मलाच बोलायला लावलं.

बाहेर आले तर तो फाटकापाशी उभा.

"काय म्हणाले?"

"माझ्याशी बोलत नाहीयेत."

"मी भेटू त्यांना?"

"आज नको," मी डोळे पुसत म्हणाले. "उद्या या... फाइल देऊन झाल्यावर."