धुरळा बसेपर्यंत

मल्लिनाथची राजदूत दारात उभी असली तरी तिच्यावर बसायला त्याला घटकाभर वेळ लागायचा. आधी गाडीभोवती एक फेरी. चाकं अंगठ्यानं दाबून बघायची, मग ब्रेक, मग चेन. तोंडाला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारचे हणमंतप्पा ओट्यावरून विचारायचे, "काय अप्पा, नवरी आणाय चाललाव का?" मल्लिनाथ काही हसायचा नाही.

कळंब-वाशीकडच्या एका दूध संघात तो सुपरवायझर होता. गावोगावच्या सोसायट्या बघत हिंडायचं. मुरूम, ओढे, आडवी येणारी म्हसरं, सगळ्यातून गाडी काढली, पण अंगावर ओरखडा म्हणून नाही. त्याचा एक नेम होता: पुढच्या गाडीच्या धुरळ्यात शिरायचं नाही. संघातला जोडीदार वीरप्पा ट्रकमागच्या धुरळ्यात शिरला आणि समोरून येणाऱ्या बैलगाडीच्या जुवावर जाऊन आपटला. त्याला उचलायला मल्लिनाथच गेला होता. तेव्हापासून पुढं धुरळा दिसला की गाडी कडेला आणि पाय खाली.

बायको शिवकांता त्याच्यामागं दोन्हीकडं पाय टाकून बसायची, गड्यासारखी. एका अंगानं बसलं की तोल जातो, म्हणून त्यानंच तिला तसं शिकवलेलं. बाया पदराआड हसायच्या. ती म्हणायची, "हसू द्या की. हातपाय तर शाबूत हायेत."

बहात्तरच्या दुष्काळात संघाचं पार वाटोळं झालं. जनावरं छावणीत गेली, दुधाचे कॅन पालथे पडले. विहिरींच्या तळाला उरलेलं गढूळ पाणी लोक गाळून पीत होते आणि गावात उलटी-जुलाब सुरू झाले. एका सकाळी शिवकांताला लागले. उन्हं वर येईपर्यंत तिचे डोळे खोल गेले, आवाज बसला. गावातल्या डॉक्टरनं हात टेकले. "कळंबला न्या. वेळेत सलाईन लागलं तर वाचतील. कुठं थांबू नका."

एसटी दुपारची होती. तेवढ्या घाईतही मल्लिनाथनं गाडीभोवती फेरी मारलीच. मग शिवकांताला मागं बसवलं, सोलापुरी चादर दोघांच्या कमरेभोवती घेऊन आपल्या पोटावर पक्की गाठ मारली.

रस्ता रोजचाच होता. मध्ये दुष्काळी कामावर माणसं खडी फोडत बसली होती. संघाला दूध घालणारी म्हातारी पुतळाबाई त्यांच्यात होती. तिनं हात वर केला. मल्लिनाथनं मान हलवली आणि तो पुढं गेला.

जरा पुढं, बाभळीपाशी, समोर धुरळा उठला. पिवळा, रस्ताभर, बाभळीच्याही वर. सवयीनं त्यानं गाडी कडेला घेतली, पाय खाली टेकला.

वारा अजिबात नव्हता. असा धुरळा लगेच बसतो. हा बसेना. पुढं एखादा ट्रक गेला असावा, तर त्याचा आवाजही कुठं येत नव्हता.

"थांबलाव कशाला?" शिवकांतानं विचारलं.

"धुरळा हाय पुढं. बसू दे."

तिनं त्याच्या खांद्यावरून पुढं पाहिलं. मग म्हणाली, "रस्ता तर मोकळा हाय की. चला ना हो."

ग्लानीत बोलतेय, असं त्याला वाटलं. त्यानं गाडी थोडी पुढं घेतली. धुरळाही तेवढाच पुढं सरकला. तो थांबला, तसा धुरळाही थांबला. इतकी वर्षं ज्या नेमानं जीव वाचवला, त्याचाच त्याला आता भयंकर राग आला.

शिवकांताची हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकली. "चला ना," ती पुन्हा म्हणाली, पण ते जेमतेम ऐकू आलं.

मल्लिनाथनं गिअर टाकला आणि तो धुरळ्यात शिरला.

आत आपल्याच गाडीचा आवाज त्याला येईना. डाव्या हाताला, अगदी जवळ, दुसरं एक इंजिन उभ्या-उभ्या धडधडत होतं. रुमालाआडून कुणी तरी शांतपणे म्हणत होतं, "बसू दे. धुरळा बसू दे."

आवाज त्याचाच होता.

मग एकदम लख्ख ऊन. मोकळा रस्ता.

त्यानं आरशात पाहिलं. मागं बाभळीखाली एक राजदूत कडेला उभी होती. तोंडाला रुमाल बांधलेला माणूस, पाय खाली टेकलेला. त्याच्या खांद्यावर बाईची हनुवटी.

मल्लिनाथची पाठ हलकी होती.

पोटावरची गाठ तशीच पक्की. मागं चादर नुसती लोंबत होती.

त्यानं गाडी वळवली.

बाभळीखाली गाडी नव्हती, माणूस नव्हता. खडी फोडणाऱ्या बाया गोल करून बसल्या होत्या. शिवकांताचं डोकं पुतळाबाईच्या मांडीवर होतं. मल्लिनाथनं हात धरून पाहिला. हात गार पडला होता.

"पोर गेली, अप्पा," पुतळाबाई म्हणाली. "आमी किती म्हनलं, गाडी जुपतो, कळंबला न्या. तुमी कवाधरनं हितंच बसून. एकच आपलं, धुरळा बसू द्या म्हनून." ती त्याच्याकडं बघत राहिली. मग खालच्या आवाजात तिनं विचारलं, "आन आत्ता तिकडनं, कळंबच्या अंगानं कसं आलाव?"

"धुरळा व्हता," मल्लिनाथ म्हणाला.

"कुठला धुरळा?"

पुतळाबाईनं तांब्यात पदराचं टोक भिजवून शिवकांताचं तोंड पुसलं. पदराला पिवळी माती आली. तिनं तो पिळला आणि परत पुसलं. परत तेवढीच आली.

म्हातारी पुसत राहिली.