विरजणातला अनोळखी

चंद्रावरच्या सोमनगरात ऊन एकदा आलं की दोन आठवडे हलत नाही, त्यामुळे माणसं कायम अर्धवट झोपेत असल्यासारखी वावरतात. अन्नपरीक्षा कक्षात बसलेल्या यमुना केंद्रे यांनाही हे सगळं स्वप्नातच चाललंय असं वाटत होतं. काचेपलीकडे निळी पृथ्वी, समोर त्यांचं दह्याचं बोळकं आणि त्यावर वाकलेले तरुण परीक्षक, डॉ. तौफिक मुजावर.

"ही जीवछाननी दह्यातल्या प्रत्येक जंतूची वंशावळ वाचते, मावशी. ओळखीचा हिरवा, घातक तो लाल."

पडद्यावर हिरवं चांदणं पसरलं होतं. मधूनमधून जांभळे ठिपके चमकत होते.

"आणि हे?"

"अनोळखी. माणसाच्या बोटावरचा जंतू आहे. पण तुमच्या बोटावर तो नाही, मघाशीच पाहिलं."

यमुनाबाईंनी चटकन ओळखलं. गोदा! धाकटी बहीण दही लावताना दूध कोमट झालं का ते बोट बुडवूनच बघायची. आईची बोलणी खाल्ली, पण सवय सुटली नाही. ती जाऊन चार वर्षं झाली होती. हे दही तिच्याच विरजणातून आलेलं; तिचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं.

"वाईट आहे का तो?"

"वाईट नाही म्हणत. माहीत नाही म्हणतो. नियमाला दोन्ही सारखंच." डॉक्टरांनी बोळकं जाळायला दाहपेटी उघडली.

"थांबा. नियम वाचून दाखवा. खाणारी मी, मला कळायला नको?"

डॉक्टर चपापले. लोक हिरवा शिक्का बघतात आणि गिळतात. नियम विचारणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. त्यांनी वाचलं, "अनोळखी जीव शंभर माणसांनी वर्षभर खाऊन कुणालाही बाधा झाली नाही, तर तो सुरक्षित मानावा. पण मावशी, हे खाणाऱ्या तुम्ही तर एकट्याच."

विनापरवाना अन्न वाटलं की पृथ्वीवर रवानगी, हे यमुनाबाईंना ठाऊक होतं. इथे लेक होती, खाली आता कुणीच नव्हतं. त्यांना रडूच आलं.

"दारात वाटी घेऊन आलेल्याला विरजण नाही म्हणवत नाही, डॉक्टर," त्या शेवटी म्हणाल्या. "लिहा. पहिली वाटी भोसल्यांकडे. त्यांच्याकडून डिसोझांकडे. मग कदम..."

घरामागून घर येत गेलं. डॉक्टर आरोग्यनोंदी चाळत होते. एकशे तीन माणसं, दोन वर्षं, पोटाची एक तक्रार नाही. कदमांपाशी मात्र त्यांचा हात थांबला.

"आमचं विरजण कदमांकडचं. दही मीच लावतो." ते ओशाळले. "बोटानंच."

त्यांनी बोट छाननीखाली धरलं. जांभळा ठिपका उजळला.

"सुरक्षित ठरलं की वाटणं गुन्हा उरत नाही," ते हळूच म्हणाले. "पण सुरक्षित ठरायला आधी वाटावंच लागतं. हे नियम करणाऱ्यांच्या लक्षातच आलं नाही बघा."

त्यांनी हिरवा शिक्का उमटवला आणि बोळकं पुढे सरकवलं. यमुनाबाईंनी बोळक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी डॉक्टरांचं ते बोट दोन्ही हातांत घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.