ऊन पडू नये म्हणून

एप्रिलमधल्या एका शनिवारी शॅपच्या डोंगरातल्या रेल्वेच्या चढावर पंधरा मिनिटांत ऊन, पाऊस आणि गारा असे तिन्ही प्रकार होऊन गेले. त्यांतल्या गारांच्या वेळी एनिड फॉदरगिलला मेंढ्यांच्या कुरणात, रुळांच्या कडेला, एक तरुण उभा दिसला. अंगातला रेनकोट काढून त्याने कॅमेऱ्यावर पांघरला होता, आणि स्वतः नुसत्या शर्टावर गारा झेलत होता.

“तुम्ही चुकीच्या जिवाला झाकलंय!” दगडी बांधापलीकडून ती ओरडली.

“नाही हो. मला पुसून वाळवता येतं. भिंगाचं तसं नाही.”

ती खळखळून हसली. तिच्या हातात वडिलांच्या चहाची किटली होती. वडील चढाच्या मध्यावरच्या सिग्नल केबिनमध्ये ड्यूटीवर असत. परक्या माणसाला आत घेणे नियमात बसत नव्हते; तरीही ती त्याला घेऊन गेली. म्हाताऱ्याने एकदा त्याच्या निथळत्या केसांकडे आणि एकदा मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिले.

“स्टोव्हजवळ बस, पोरा. आणि त्या सिग्नलच्या दांड्यांना हात लावलास, तर हात तोडीन.”

त्याचे नाव क्लिफर्ड हॅसलम. प्रेस्टनच्या एका कारखान्यात तो यंत्रांचे आराखडे काढी आणि सुटीच्या दिवशी मोटारसायकलवरून इथे येई. पुढच्या वर्षअखेरीपर्यंत या चढावरची वाफेची सगळी इंजिने भंगारात निघणार होती. त्याआधी जमतील तेवढी टिपून ठेवायची, असा त्याने पण केला होता.

पुढचे सगळे शनिवार एनिडचे झाले. केबिनमधली घंटा वाजली, की ती जिन्यावर येऊन हाक देई, “आली रे!” मग खालच्या टीबे स्टेशनाकडून धापा टाकत गाडी चढू लागे; पुढे एक इंजिन ओढणारे, मागे एक ढकलणारे. क्लिफर्ड मात्र आधी आकाशाकडे बघे. ऊन नसेल तर कॅमेरा छातीवर लोंबकळत राही, बटण दाबले जात नसे.

“अरे, गाडी तर समोर आहे!”

“इंजिन काळं असतं, एनिड. उन्हाशिवाय ते नुसता कोळशाचा ढीग दिसतं.”

“आणि मी? उन्हाशिवाय मी कशी दिसते?”

तो गोंधळला. “तू… तू काही काळी नाहीस.”

“जपून हं! एवढं कौतुक एका दमात केलंस, तर धाप लागेल.”

त्याचे कान लाल झाले – आणि ते लाल कान तिला आठवडाभर पुरले. एकदा बांध ओलांडताना त्याने तिचा हात धरला, आणि पलीकडे उतरल्यावरही सोडला नाही. मेंढ्या चरत होत्या… मग दरीतून शिट्टी ऐकू आली, आणि हात सुटला.

असे एक वर्ष गेले. दुसऱ्या वसंतात एनिडला ग्लासगोच्या टेलिफोन केंद्रातून नोकरीचे पत्र आले. ते तिने क्लिफर्डच्या हातात ठेवले.

“जाऊ का?”

त्याने पत्र दोनदा वाचले. “चांगली नोकरी दिसते…”

“मी नोकरीचं विचारत नाहीये, खुळ्या!”

तो बुटाने गवत उकरत राहिला. सांगायचे पुष्कळ होते, पण योग्य क्षणाची वाट पाहण्याची त्याला सवय जडली होती. शेवटी तीच म्हणाली, “ऐक. येत्या शनिवारी दुपारच्या गाडीने मी टीबेहून निघणार. वाफेचंच इंजिन आहे, बाबांनी सांगितलंय. मी तिसऱ्या डब्यात, तुझ्या बाजूच्या खिडकीत असेन. तू फक्त हात कर. मी पुढच्याच थांब्याला, पेनरिथला उतरेन, परत येईन, आणि पुन्हा ग्लासगोचं नाव काढणार नाही. पण त्या गाडीचा फोटो काढायचा नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

“ढग असले तर प्रश्नच नाही,” तो हसत म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून घाईघाईने म्हणाला, “अगं, नाही काढणार! शपथ.”

तो खोटे बोलत नव्हता, आणि तेच अधिक दुःखाचे होते.

शनिवारी सकाळपासून ढग आणि ऊन पाठशिवणी खेळत होते. गाडीने टीबे सोडले, मागून इंजिनाचा रेटा बसला, आणि एनिडने खिडकीची काच खाली केली. डोंगरावर काळा ढग होता. ‘देवा, एवढा राहू दे,’ ती पुटपुटली. मग स्वतःचीच लाज वाटून तिने ओठ चावला. ढगाच्या कृपेने मिळालेला नवरा तिला हवा होता का? तरीही… राहू दे.

वळणावर तो दिसला. कॅमेरा छातीवर. तो डब्यांवरून नजर फिरवत होता. त्याने तिला पाहिले – अगदी नक्की पाहिले! – आणि त्याचा हात वर येऊ लागला. कोपरापर्यंत आला.

त्याच क्षणी उतारावरून ऊन धावत आले. कुरण उजळले, इंजिनाचे पितळ पेटले, वाफ कापसासारखी पांढरी झाली. अर्ध्यावर आलेला हात वळला आणि कॅमेऱ्यावर गेला. एनिडची खिडकी त्याच्यासमोरून गेली तेव्हा तो मान खाली घालून पुढच्या फोटोसाठी फिल्म ओढत होता.

ती बाहेर झुकून मागे पाहत राहिली. मग त्याच्या ध्यानात आले असावे. तो दोन पावले धावला आणि दोन्ही हात उंचावून हलवू लागला, वेड्यासारखा. तोवर मागचे इंजिन त्याच्यासमोर आले होते. हे अभिवादन आपल्यालाच, असे समजून चालकाने आनंदाने दोनदा शिट्टी दिली.

पेनरिथला गाडी चार मिनिटे थांबली. एनिडने फळीवरची बॅग खाली घेतली आणि मांडीवर ठेवली. हात आला होता, हे खरेच होते. पण फिल्म ओढून झाल्यावर आला होता. उद्या लग्न झाले, मूल तापाने फणफणले, म्हातारपणी तिने हाक मारली – तरी तो येईलच. येईल… ऊन गेल्यावर.

हमालाने दार उघडले. “उतरायचंय ना, पोरी? बॅग दे इकडे.”

“नाही,” ती म्हणाली, “ग्लासगो. दार लावा, वारा लागतोय.”